एका चकतीवर दोन गावं

अबुधाबी, ८ ऑक्टोबर २०००

सदामामांना मृणालिनीचा नमस्कार,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नका, सगळे ठीक आहोत. तुमच्या जावयाचं, अंकुरचं, वजन वाढलंय आणि माझा आवाज. वजनाला माझा स्वयंपाक कारण, आवाजाला शाळा. मामींना सांगा, त्यांचा मसाला अजून पुरवून पुरवून वापरतेय.

आता काम सांगते. भाची कामाशिवाय पत्र लिहीत नाही हे तुम्ही मनात म्हणालाच असाल.

इथल्या सगळ्या शाळांचं मिळून फेब्रुवारीत मोठं प्रदर्शन आहे. विषय, अरब आणि इस्लामी जगातली थोर माणसं. कुणी कोणावर काम करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. कुणाला जगप्रसिद्ध वैद्य मिळाले, कुणाला बीजगणितवाले, कुणाला दर्यावर्दी. मी शिकवते त्या मुलींच्या शिफ्टला चिठ्ठी आली ती 'अल-इज्लिया, हलब'. स्टाफरूममध्ये कुणी नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. सगळी लायब्ररी उपसली तेव्हा एक ओळ मिळाली. हजारएक वर्षांपूर्वी हलब शहरात, म्हणजे आजच्या सीरियातल्या अलेप्पोत, सैफ अल-दौला नावाच्या अमिराच्या पदरी ही बाई अस्तुरलाब बनवायची आणि ते काम ती बापाकडून आणि बापाच्या गुरूकडून शिकली होती. संपलं. तिचं स्वतःचं नावसुद्धा कुणी टिपून ठेवलं नाही. अल-इज्लिया म्हणजे इज्ल कुळातली, एवढंच.

प्रिन्सिपॉल सर म्हणाले, "मॅडम, चिठ्ठी चेंज करून घ्या. हिच्यावर एक चार्टपेपर भरायचा नाही." मामा, तुम्हाला माझं डोकं ठाऊक आहे. मी तिथल्या तिथे म्हणाले, "सर, चार्टपेपर लावणारच नाही. तिनं जे केलं, ते करून दाखवू."

घरी आल्यावर घाम फुटला. अस्तुरलाब म्हणजे हातात मावेल अशी पितळेची जाड चकती, वर कडी. चकतीला खोलगट पोट असतं, त्यात एक पातळ चकती बसते, तिच्यावर आकाशाच्या रेघा. तिच्यावर नक्षीदार जाळी फिरते, जाळीचं एकेक टोक म्हणजे एकेक तारा. मागच्या बाजूला अंश आणि एक फिरती पट्टी. पट्टीच्या भोकांतून सूर्याची उंची मोजायची, पुढची जाळी त्याप्रमाणे फिरवायची की वेळ कळते. घड्याळं नव्हती तेव्हा मशिदीत नमाजाच्या वेळा असल्या यंत्रांवर काढत. आपल्याकडे यालाच यंत्रराज म्हणत.

मला पितळ ठोकणारा एकच माणूस माहीत आहे आणि तो पुण्यात तांबट आळीत बसतो. नाही म्हणू नका.

तुमची,
मृणालिनी

*

पुणे, २३ ऑक्टोबर २०००

चि. मृणालिनी हिस आशीर्वाद,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा विश्वास नव्हता.

बाई गं, आम्ही बंब, घंगाळी आणि हंडे करणारी माणसं. आमच्या भांड्यात पाणी तापतं, वेळ कळत नाही. दिवाळी तोंडावर आली आहे, पोरगा विघ्नेश म्हणतो, "बाबा, आता स्टीलचं दुकान टाकू, ठोकाठोकी पुरे." मामी म्हणते, "गुडघे सांभाळा." आणि तू म्हणतेस आकाश करून द्या.

पण 'यंत्रराज' हे नाव मला आवडलं. राजा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? शिवाय त्या तुझ्या साहेबानं एक चार्टपेपर भरायचा नाही म्हटलं, हे मला लागलं. एवढं काम करणाऱ्या बाईबद्दल असं बोलतात होय?

करतो. पण अट ऐक. आकृती तू काढून पाठव, पूर्ण मापाची. मी गणित शिकलेला नाही, मी परकार आणि कोरणी शिकलोय. आकृतीत केसभर चूक असली तर ती तुझी, कामात असली तर माझी. फोन करू नकोस. फोनवर धड भांडताही येत नाही, मिनिटामिनिटाला बिल पडतं.

तुझा,
सदामामा

*

अबुधाबी, १२ नोव्हेंबर २०००

सदामामांना नमस्कार,

आकृत्या सोबत आहेत. आठ दिवस डायनिंग टेबलवर ग्राफपेपर पसरलेला होता, अंकुर बिचारा उभ्यानं जेवला. एकेक कंस तीनदा तपासलाय.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती, आता लिहिते. हे फक्त प्रदर्शनासाठी नाही. आमच्या शाळेत अकरावीला मुलांना फिजिक्स आहे, मुलींना नाही. मुलींना कॉमर्स नाहीतर होम सायन्स. दरवर्षी मी अर्ज करते, दरवर्षी उत्तर येतं की मुलींना इंटरेस्ट नाही. या वेळी सर म्हणाले, "प्रदर्शनात तुमच्या मुलींनी फिजिक्सचं काही चालवून दाखवलं तर एप्रिलपासून वर्ग उघडू. नाहीतर हा विषय खलास." माझ्यासमोर बोललेत, वर दोन साक्षीदार.

दहावीत हलिमा नावाची मुलगी आहे. मूळची राजापूरची, वडील रफिकभाई इथल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं वर्कशॉप चालवतात. तिला इंजिनिअर व्हायचंय. वर्ग उघडला नाही तर तिला आजीकडे राजापूरला पाठवतील. तिथून ती रोज कुठल्या कॉलेजात जाणार आणि कोण जाऊ देणार? पोरगी दोन वर्षं माझ्यामागे लागली आहे, "मिस, विल देअर बी फिजिक्स?" आणि मी दोन वर्षं "इन्शाल्ला" म्हणतेय. इथे इन्शाल्ला म्हणजे बऱ्याचदा 'विसरा' असं असतं, हे तिलाही कळतं.

पण कमाल बघा. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ कशी ठरते हे मला तिनंच शिकवलं. भर दुपारी काठीची सावली सगळ्यांत आखूड असते. ती सोडून वर काठीएवढी सावली वाढली की असर लागली. तिच्या आजीनं अंगणात काठी रोवून दाखवलं होतं म्हणे. आम्ही ती असरची रेघही आकृतीत घातली आहे. प्रदर्शनाच्या दिवशी यंत्रावर असर काढून दाखवायची, असं ठरलंय. जमलं तर वर्ग, नाही तर शोभेचं पितळ.

तुमची,
मृणालिनी

*

पुणे, २६ डिसेंबर २०००

चि. मृणालिनी हिस आशीर्वाद,

यंत्रराज तयार! अंकुरच्या ऑफिसातले एक गृहस्थ इथली सुट्टी संपवून परत निघालेत, त्यांच्या हातून पाठवतोय. हातातल्या बॅगेत ठेवा, असं दोनदा बजावलंय. कस्टमवाल्यानं विचारलं तर घड्याळ आहे म्हणून सांगा म्हटलं. खोटं नाही.

फार वर्षांत असं काम केलं नव्हतं. जाळी कापताना तीन पत्रे वाया गेले. एका ताऱ्याचं टोक नखाएवढं, फाईल जरा जास्त फिरली की तारा गेला. विघ्नेश आपल्या भांड्यांच्या दुकानातून रोज उठून यायचा आणि बघत राहायचा. आळीतली म्हातारी मंडळी चहाच्या निमित्तानं डोकावून गेली. धोंडीतात्या म्हणाले, "सदा, ही चाळणी कसली?" म्हटलं, "तारे गाळायची."

तुला एक गोष्ट सांगतो, पण मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या आकृतीत चूक होती. मी रेघांची चकती आधी तुझ्या आकृतीबरहुकूम कोरली. मग म्हटलं, माल तपासल्याशिवाय द्यायचा नाही. गच्चीवर भर दुपारी यंत्र टांगलं. तुझ्या रेघांप्रमाणे सूर्य जिथे हवा तिथे नव्हताच, चांगला सहा अंश वर! चार दिवस मोजलं, रोज तेच. शेवटी कोपऱ्यावरच्या लवाटे मास्तरांना वर चढवलं. ते पेन्शनीत निघाले तरी गणित सुटलेलं नाही. त्यांनीही मोजलं आणि म्हणाले, "भाची शिक्षिका आहे ना? होतं असं." मग त्यांनी रेघा पुन्हा काढून दिल्या, मी नवी चकती कोरली. आता गच्चीवर बघ, केसभर फरक नाही! जुनी चकती वितळवून टाकली. तुझी चूक चारचौघांत दिसायला नको.

आभार मानू नकोस. मामा कशाला असतो?

तुझा,
सदामामा

*

अबुधाबी, ९ जानेवारी २००१

सदामामा,

नमस्कार नंतर करते.

मामा, अबुधाबी पुण्यात नाही! अबुधाबी पुण्याच्या उत्तरेला आहे, बरोबर सहा अंशांनी. म्हणून इथे सूर्य दुपारी सहा अंश खाली असतो. माझी आकृती इथल्यासाठी होती. तुम्ही ती पुण्याच्या गच्चीवर तपासलीत आणि पुण्याचं जमलं नाही म्हणून सूर्याला नाही, मला चूक ठरवलंत! आणि ती लवाटे मास्तरांची पेन्शन बंद करायला सांगा कुणीतरी. दोन पुणेकर गच्चीवर चढले आणि त्यांच्या एकदाही मनात आलं नाही की पुण्याबाहेरही आकाश आहे. वर माझी बरोबर असलेली चकती वितळवलीत. माझी लाज राखायला!

चूक माझीही आहे. इथल्यासाठी आहे हे लिहायचं मला सुचलं नाही. मला ते इतकं उघड वाटलं.

पार्सल आलं तेव्हा हलिमा आणि तिच्या वर्गातल्या रंजिता, रुपाली माझ्याच घरी होत्या. मामा, पेटी उघडली आणि तिघी वाकून बघायला लागल्या. ती जाळी, ती टोकं, मागच्या बाजूचे बारीक अंश! हलिमानं ते दोन्ही तळहातांवर धरलं आणि हळूच म्हणाली, "मिस, इट्स अलाइव्ह." मला तुमचा एवढा अभिमान वाटला आणि दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या गच्चीवर मोजलं तेव्हा एवढा राग आला की दोन्ही एकदम कसं लिहायचं कळत नाही.

रुपाली रडायला लागली. हलिमा नाही रडली. ती चकती काढून उलटसुलट करून बघत बसली आणि म्हणाली, "मिस, दिस साइड इज एम्प्टी." मग आम्ही वाचलं. जुन्या यंत्रांत चकतीच्या दोन्ही बाजू वापरत, एका बाजूला एक गाव, दुसऱ्या बाजूला दुसरं. त्या खोलगट पोटाला अरबीत 'उम्म' म्हणतात, आई. आईच्या पोटात मक्का, मदिना, बगदाद अशी कितीतरी गावांची चकत्या-चकत्यांनी सोय असायची. प्रवासाला निघालेला माणूस हवं ते गाव वर काढायचा.

तेव्हा पुणे राहू दे पुण्याच्या जागी. पाठीवर अबुधाबी कोरायची. मुली कोरतील.

आता नमस्कार.

मृणालिनी

*

पुणे, १८ जानेवारी २००१

चि. मृणालिनी,

पत्र पोचलं. लवाटे मास्तरांना वाचून दाखवलं नाही, त्यांना रक्तदाब आहे.

पुण्यात बसून मी पुण्याचा सूर्य मोजला, दुसरा कुठला मोजणार होतो? असो. चुकलो म्हणायची मला सवय नाही, तेव्हा ते तू समजून घे.

पण पोरींच्या हातात कोरणी द्यायची नाही. चकती परत पाठव, मी कोरून देतो. रागावू नकोस, ऐक. पितळ म्हणजे वही नाही, रेघ चुकली की खोडता येत नाही. एक कोरणी घसरली तर पाठ जाईल, आणि जोर जास्त झाला तर पत्रा बाक धरेल, म्हणजे पुढचं पुणंही जाईल. आणि आपल्या आळीत बायका ऐरणीवर बसत नाहीत. चिंचेनं घासून भांडं लखलखीत करायचं काम त्यांचं, ठोकायचं आणि कोरायचं पुरुषांचं. तुझ्या आजीनं उभा जन्म तेच केलं आणि तिच्या हातचं भांडं आरशासारखं दिसायचं. त्यात कमीपणा नाही.

चकती पाठव. उशीर करू नकोस.

सदामामा

*

अबुधाबी, २७ जानेवारी २००१

सदामामांना नमस्कार,

चकती पाठवत नाही. ती तिकडे पोचून, कोरली जाऊन परत येईपर्यंत प्रदर्शन संपलेलं असेल. पण वेळ असता तरी पाठवली नसती, हेही सांगून टाकते.

ज्या बाईसाठी हा सगळा उपद्व्याप चाललाय, तिच्या बापानं काय केलं असेल बघा ना. तोही तुमच्यासारखाच कारागीर होता. त्याच्याही शेजारीपाजारी धोंडीतात्या असतीलच. त्यानं लेकीच्या हातात चिंच दिली असती, तर आज ती एक ओळसुद्धा उरली नसती. त्यानं कोरणी दिली. तिच्या नावानं यंत्र करायचं आणि तिच्यासारख्या मुलींना हात लावू द्यायचा नाही, हे मला जमायचं नाही. आजीची भांडी आरशासारखी दिसायची, खरंय. त्या आरशात आजी कधी ऐरणीवर बसलेली दिसली नाही, म्हणून तिला यायचं नाही असं आपण धरून चाललो. मला आठवतं, तुमचा घाव चुकला की ती घासता घासता नुसत्या आवाजावरून सांगायची, "सदा, पातळ झालं."

रफिकभाईंनी वर्कशॉपचा एक कोपरा रिकामा करून दिलाय. म्हणाले, "मॅडम, मशीनला हात लावू देणार नाही हां. बाकी सगळं तुमचंच समजा." पितळेचे तुकडेही दिले. तिघी रोज शाळा सुटल्यावर त्यावर हात बसवतायत. पण रेघा थरथरतात आणि मला शिकवता येत नाही, कारण मलाही कुणी शिकवलं नाही.

परवानगी मागत नाहीये मामा. कोरणी कशी धरायची, तेवढं लिहून पाठवा.

तुमची,
मृणालिनी

*

पुणे, ४ फेब्रुवारी २००१

मृणाल,

माणूस विमानाला निघालाय, दारात उभा आहे. थोडक्यात लिहितो.

गुंडाळीत तीन कोरण्या आहेत. सगळ्यांत बारीक ती माझ्या वडिलांची. धार लावूनच पाठवल्यात, तिथे कुणाला लावायला देऊ नकोस.

मूठ तळहातात. अंगठा पुढे, पत्र्यावर टेकलेला, तोच ब्रेक. रेघ आधी परकाराच्या टोकानं आखून घ्यायची, मग कोरायची. एकदम खोल जायचं नाही, तीनदा हलकं. आणि मुख्य, कंस कोरताना कोरणी वळवायची नाही, चकती वळवायची. हात जागच्या जागी, काम हाताखालून फिरतं. खाली वाळूची उशी घ्या, वाळू तुमच्याकडे मुबलक. श्वास सोडताना कोरायचं, घेताना थांबायचं.

जिचा हात सगळ्यांत संथ, तिनंच शेवटपर्यंत करावं. तीन हातांची रेघ तीन तऱ्हेची दिसते.

आई आवाजावरून सांगायची, हे मी विसरलो होतो.

स. मामा

*

अबुधाबी, २२ फेब्रुवारी २००१

सदामामा! मामी! विघ्नेश! तांबट आळीतले सगळे!

जमलं! मामा, जमलं! आधी हे लिहून टाकते आणि मग सगळं सुरुवातीपासून सांगते.

सगळ्यांत संथ हात हलिमाचा निघाला. पहिले दोन दिवस तिनं तुमचं पत्र शेजारी ठेवून नुसत्या तुकड्यांवर काम केलं. रंजिता चकती फिरवायची, रुपाली दिवा धरायची, हलिमाचा हात जागच्या जागी. मी बाहेर जाऊन रफिकभाईंबरोबर चहा पीत बसायचे, कारण बघवायचं नाही. रफिकभाईंनाही बघवायचं नाही. शेवटचा कंस संपला तेव्हा तिनं हाक मारली, आम्ही धावलो. पत्रा सपाट होता. पाठीवर अबुधाबी आणि पोटाशी पुणं, दोन्ही धडधाकट.

प्रदर्शनाच्या दिवशी मोठा हॉल, झगमगाट, कारंजी काय, थर्माकोलचे राजवाडे काय. आमच्या टेबलावर काळं कापड, त्यावर यंत्र, बाजूला ती एक ओळ. लोक वाचून पुढे जायचे. प्रिन्सिपॉल सर दोनदा चक्कर मारून गेले आणि म्हणाले, "नाइस शो-पीस, मॅडम."

परीक्षक आले ते दुपार कलल्यावर. त्यांच्यात एक वयस्क अरब होते, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जुन्या लोकांना इथे छान हिंदी येते. त्यांनी यंत्र उचललं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बेटी, ये चलता है, या सिर्फ दिखाने का है?"

हलिमा म्हणाली, "इट वर्क्स, सर. प्लीज कम आउटसाइड."

सगळे आवारात. आणि मामा, आभाळात धूळ! सकाळपासून लख्ख होतं आणि नेमका तेव्हाच पातळ पिवळा पडदा. हलिमानं अंगठ्यात कडी अडकवून यंत्र टांगलं, पट्टी फिरवली, पण भोकातून उन्हाचा ठिपकाच पडेना. लोक जमायला लागले. सर खिशातून पेपरचं कात्रण काढून असरची छापील वेळ बघत होते. मुद्दाम मला दिसेल असं. मी मनात गणपतीला, शेजारच्या मशिदीला, तुम्हाला, सगळ्यांना हाका मारल्या.

धूळ जरा फाटली. ठिपका उमटला. हलिमानं अंश वाचले, यंत्र उलटं करून जाळी फिरवली आणि म्हणाली, "नॉट यट, सर." पुन्हा मोजलं. "नॉट यट." तिसऱ्यांदा मोजलं. जाळीवरची सूर्याची खूण असरच्या रेघेला टेकली आणि ती मान वर करून म्हणाली, "नाऊ."

काही नाही. रस्त्यावरून एक बस गेली. सरांनी घसा साफ केला. मला वाटलं, गेलं सगळं.

आणि मशिदीवरून अजान सुरू झाली.

मामा, मी हिंदू बाई, रोज पाच वेळा ऐकते, पण त्या दिवशी ती अजान ऐकून मी भर आवारात रडले. रुपाली तर उड्या मारत होती, मीच तिला दाबून धरलं. म्हाताऱ्या परीक्षकांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि हलिमाकडे बघून उजवा हात छातीवर ठेवला. अजान संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "हमारे बाप-दादा के टाइम में ये काम इज्जत का काम था. मस्जिद में इसके लिए अलग आदमी रहता था, मुवक्कित बोलते थे उसको. मैंने आज तक किसी बच्ची के हाथ में नहीं देखा."

त्यांनी चकती काढून उलटी केली. "ये दूसरा शहर कौन सा?"

"पूना, सर," हलिमा म्हणाली. "मिसचे अंकल तिथे राहतात." इंग्रजी सोडून चक्क मराठीत. घाबरली की तिची राजापूरची जीभ सुटते. ते इतके खूश झाले! म्हणाले, जुने उस्ताद असंच दोन शहरं पाठीला पाठ लावून ठेवायचे, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी काय सांगणार? म्हटलं, "हमारे मामाजी ने." खोटं नाही.

पहिला नंबर आमचा. पण खरी गंमत पुढेच आहे. ढाल देताना त्यांनी स्टेजवर, माईकसमोर हलिमाला विचारलं, "आगे क्या पढ़ेगी?" आणि ही माझी पोरगी सगळ्या शाळांसमोर म्हणाली, "फिजिक्स, सर. इफ दे लेट मी." सगळा हॉल हसला. ते प्रिन्सिपॉल सरांकडे वळले. सर शेजारीच उभे होते, पळायला जागा नव्हती. म्हणाले, "ऑफ कोर्स! फ्रॉम एप्रिल." माईकवर, मामा! आता दोन नाही, आठशे साक्षीदार!

रफिकभाई शेवटच्या रांगेत उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, राजापूरचं तिकीट काढायचं नाही आता." एवढंच बोलले आणि गाडी आणायला गेले. गाडी समोरच उभी होती.

तुमची,
मृणालिनी

*

पुणे, ५ मार्च २००१

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र दुपारी आलं, कामाच्या ऐन भरात. आळीत तेव्हा हातोड्यांचा असा गलका असतो की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. मी पत्र घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले. आधी धोंडीतात्या थांबले, त्यांना वाटलं कुणी गेलं. मग समोरचा, मग पलीकडचा. एकामागून एक सगळ्या हातोड्या थांबल्या. भर दुपारी तांबट आळी गप्प झाली. मी जन्मात असं ऐकलं नव्हतं. मग मी तुझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यांदा वाचलं. 'मामा, जमलं' हे मी तीनदा वाचलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

तुझ्या जानेवारीतल्या पत्रातल्या पुण्याच्या चुकीचं काय करायचं, हा प्रश्न होता. गाळणार होतो. पण लवाटे मास्तरांच्या कानावर ती केव्हाच गेली होती, ते समोरच बसले होते, म्हणाले, "सदानंदराव, तेही वाचा." तेही वाचलं. सगळी आळी पोट धरून हसली आणि सगळ्यांत जास्त मास्तरच हसले. आता मला रस्त्यात कुणी भेटलं की आकाशाकडे बोट करून विचारतात, "आज सूर्य कुठला? आपला की दुबईचा?" अबुधाबी म्हटलं तरी त्यांना दुबईच.

धोंडीतात्या मात्र हसले नाहीत. पत्र संपल्यावर म्हणाले, "म्हणजे पाठ पोरीनं कोरली?" म्हटलं, "पोरीनं कोरली. माझ्या वडिलांच्या कोरणीनं. माझ्या सांगण्यावरून." शेवटचं जरा वाढवून सांगितलं, ते तू सांभाळून घे. ते म्हणाले, "सदा, आळीची रीत मोडली." मी म्हटलं, "तात्या, हजार वर्षांपूर्वी हलबमध्येच मोडली होती. आपल्याला निरोप उशिरा मिळाला." मग ते आपल्या ऐरणीवर जाऊन बसले आणि त्यांचा पहिला घाव पडला, तसा पुन्हा सगळा गलका सुरू झाला.

विघ्नेशच्या शुभ्राला तू पाहिलंस तेव्हा ती रांगत होती. आता चौथीत आहे. पत्र वाचताना ती माझ्या पायाशी बसली होती. संध्याकाळी म्हणाली, "आजोबा, मला?" विघ्नेश दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बघता काय, बसवा." स्टीलच्या दुकानाचं बोलणं त्यानं अजून सोडलेलं नाही, पण हे तोच म्हणाला.

मी तिला पाटावर बसवलं, ऐरणीवर तांब्याचा पत्रा धरला आणि तिच्या हातात लहान हातोडी दिली. मामी चिंच भिजवत होती, ती हात तसेच ओले ठेवून येऊन उभी राहिली. शुभ्रानं जीभ बाहेर काढून नेम धरला आणि घाव घातला. वाकडा पडला.

मामी म्हणाली, "जरा डावीकडे, राणी."

मृणाल, तेहेतीस वर्षं ही बाई माझ्या भांड्यांना चिंच लावतेय. दुसरा घाव सरळ बसला.

तुझा,
सदामामा